जिंतूरकर बाईंचं वायफाय

आमच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत नाही, तेच घरपोच येतात. नळवाला मोरीपर्यंत जातो, टीव्हीवाला हॉलपर्यंत जातो. वायफाय बसवणाऱ्याला मात्र रेंज बघायला मोबाईल हातात धरून अख्ख्या घरातून फिरावं लागतं. देवघर, माळवद, कोठीची खोली, बोलणं बंद असलेल्या जावांच्या दोन वेगळ्या चुली, सगळं दिसतं. वर घरची माणसं मागं मागं येऊन एकेका खोलीची माहिती देत राहतात. संध्याकाळी दुकानात चहा आला की सांगण्यासारखं काही ना काही साठलेलंच असतं.

दुकान परभणीत, स्टँडच्या मागच्या गल्लीत. मी दिगंबर आणि माझा भागीदार बालाजी. बालाजी पूर्णेचा. रोज रेल्वेनं अपडाउन करतो, त्यामुळं त्याची मतं ठाम आणि संध्याकाळ छोटी असते. त्याचं एक मत असं की, ज्या दिव्याला पेटायला इंटरनेट लागतं तो दिवा नाही, दुखणं आहे. असले दिवे आम्ही विकतो, हा भाग वेगळा!

* * *

पेडगावला एका बागायतदाराकडं आम्ही राउटर बसवला. दुसऱ्याच दिवशी फोन आला की नेट बंद. गेलो. भिंतीवर खिळा होता, राउटर नव्हता.

विचारलं तर मालकांनी कडोसरीची किल्ली काढली, लोखंडी कपाट उघडलं, आतलं छोटं कपाट उघडलं आणि शालीत गुंडाळलेला राउटर बाहेर काढला. शेजारी मालकीणबाईंची पोत आणि सातबारा. एवढी महागाची वस्तू भिंतीवर टांगून ठेवायची का, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे यंत्र कायम बाहेर आणि कायम चालू ठेवायचं असतं, हे आम्ही नीट समजावून सांगितलं. त्यांनीही नीट ऐकून घेतलं आणि तोडगा काढला, "मग दिवसा बाहेर ठेवतो. रातच्याला आत."

बालाजी हत्यारांची पिशवी उचलत म्हणाला, "बराबर हाय. चोर आलेच तर त्यांना नेट कशाला?"

* * *

पण हे चिल्लर किस्से. खरा खजिना जिंतूरकर बाईंच्या घरातला.

जिंतूरकर बाईंनी मला शाळेत शिकवलं. मलाच काय, निम्म्या परभणीला शिकवलं. सर, म्हणजे त्यांचे यजमान, गेल्यापासून बाई कॉलनीतल्या त्यांच्या चार खोल्यांच्या घरात एकट्या राहतात. मुलगा मंदार पुण्याला कम्प्युटरच्या नोकरीत.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी बाईंनी गॅसवर दूध ठेवलं आणि विरजण मागायला म्हणून शेजारच्या शोभाताईंकडं गेल्या. गप्पांत दूध राहिलं. पातेलं काळं झालं, घरभर धूर झाला, शोभाताईंनीच पळत येऊन गॅस बंद केला. दिवाळीला मंदार आला तेव्हा भिंतीला अजून काजळी होती. त्या काजळीकडं बघून त्यानं ठरवलं की आईला पुण्याला न्यायचं.

पोरगं वाईट नाही. त्याचा जीव खालीवर होतो, एवढंच. बाईंनी साफ नकार दिला. दोन दिवस घरात भांड्यांचाच आवाज होता म्हणे. शेवटी तोडगा निघाला. गॅसला सेन्सर, खोल्यांना हालचाल टिपणारे सेन्सर लावायचे, फाटकावर कॅमेरा, दिवे मोबाईलवर चालणारे. घर पुण्यातून दिसत राहिलं तर बाई परभणीत. सारखं दिसेनासं व्हायला लागलं तर पुढच्या दिवाळीला बाई कायमच्या पुण्याला आणि घर भाड्यानं.

बाईंनी त्यात स्वतःची एक अट घातली. कॅमेरा घरात नाही, फक्त फाटकावर. "माझ्याच घरात मी पदर सावरून बसू का?"

मग बाई स्वतः दुकानात आल्या. मी उठून उभा राहिलो. वयाची चाळिशी गेली तरी बाईंसमोर बसून बोलता येत नाही.

"दिग्या, मला पुण्याला जायचं नाही," बाई म्हणाल्या. "तुला काय करायचंय ते कळलं ना?"

कळलं म्हणालो. वर्गातही असंच म्हणायचो.

* * *

या सगळ्या वस्तूंना ॲपमध्ये नावं द्यावी लागतात. मी आपली नेहमीची नावं टाकत होतो, हॉल दिवा एक, हॉल दिवा दोन. बाईंनी चष्मा लावून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. वर्गात त्यांनी कधी कुणाला बाक एक, बाक दोन म्हणून हाक मारली होती का, असं त्यांनी विचारलं.

मग बाईंनी नावं ठेवली. फाटकावरच्या कॅमेऱ्याला नारायण, कारण शाळेच्या फाटकावर नारायण शिपाई उभा असायचा. गॅसच्या सेन्सरला शोभा, कारण जरा वास आला की पहिली तीच ओरडते. हॉलमध्ये एक दिवा होता, तो सांगितल्यावर थोडा विचार करून मग पेटायचा. त्याचं नाव दिगंबर!

आठवड्याभरात तो दिवा बिघडला. पुण्याला मंदारच्या मोबाईलवर मेसेज गेला, "दिगंबर प्रतिसाद देत नाही." मंदार ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. घाबरून त्यानं बालाजीला फोन लावला आणि दिगंबरदादांना काय झालं, कुठल्या दवाखान्यात आहेत, असं विचारायला लागला.

बालाजीनं माझ्याकडं नीट बघून घेतलं आणि सांगितलं, "प्रतिसाद द्यायलाय की. भजी खायलाय."

* * *

राउटर आम्ही घराच्या बरोबर मध्ये, देवघराच्या वरच्या फळीवर ठेवला. बाईंनी त्याला हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. आमची काही हरकत नव्हती. हळदीकुंकवानं रेंज कमी होत नाही.

तरी रोज दुपारी जेवणानंतर घर मंदारच्या मोबाईलवरून गायब व्हायचं आणि चहाच्या वेळेला परत यायचं. आम्ही केबल बदलली, चॅनल बदललं, शेवटी राउटरच बदलला. काही फरक पडेना. बालाजी म्हणाला, मशीन दुपारी झोपतं, परभणीचं पाणी लागलं त्याला.

एक दिवस मी मुद्दाम बाईंच्या जेवणाच्या वेळेला गेलो. जेवणं झाली. बाईंनी भाजी झाकली, भाताचं पातेलं झाकलं, ताकाचं भांडं झाकलं. मग एक भलंमोठं स्टीलचं पातेलं घेतलं, देवघराशी गेल्या आणि राउटरवर पालथं घातलं. त्यांच्या त्या जन्माच्या सवयीपुढं आमची दोन महिन्यांची मेहनत काय टिकणार? घरात उघडी वस्तू बाईंना बघवतच नाही.

पातेलं काढलं की नेट येतं, हे बाईंना पटलं. पण दुपारी घरात पाली फिरतात, त्याचं काय करायचं हा त्यांचा प्रश्न होता. शेवटी राउटरवर विणलेला जाळीचा रुमाल टाकायचं ठरलं. रेंजलाही चालतो आणि पालीलाही कळतं की इथं झाकलेलं आहे.

* * *

मग संक्रांत आली.

बाईंच्या हळदीकुंकवाला कॉलनीतल्या झाडून सगळ्या बायका येतात. सर गेले तरी बाईंनी हळदीकुंकू बंद केलं नाही. मी लावून घेत नाही, पण दुसरीला लावायला मला कोण अडवतंय, असं त्यांचं सरळ म्हणणं. कुणी अडवलंही नाही. दरवर्षी वाणाची वस्तू काहीतरी कामाची असते. कधी गाळणी, कधी साबणाची डबी, कधी सुईदोऱ्याचा संच. या वर्षी बाईंनी विचार केला की आजकाल बायकांच्या खरोखर कामाची वस्तू कोणती.

प्रत्येकीला हळदीकुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा आणि वाकून कानात वायफायचा पासवर्ड सांगायचा. असं बाईंनी वाण लुटलं!

संध्याकाळच्या आत त्या एका राउटरवर कॉलनीतले सगळे मोबाईल, त्यांच्या नवऱ्यांचे मोबाईल आणि कुणाचा तरी टीव्हीसुद्धा चढला. पुण्यात मंदारला घरातला एक दिवा दिसेना. त्याचा मला फोन आला. आवाज शांत होता, पण त्यानं दिवाळीच्या अटीची आठवण करून दिली.

मी बाईंना सांगितलं की आत्ताच्या आत्ता पासवर्ड बदलतो, म्हणजे सगळ्या आपोआप बाहेर होतील. बाई एकदम गंभीर झाल्या.

"दिलेलं वाण परत घेत नसतात रे," म्हणाल्या.

यावर वायफायच्या कुठल्याच पुस्तकात उत्तर नाही. रात्री मी डोकं खाजवलं आणि सकाळी एकाच राउटरवर दोन नेटवर्क केली. जुना पासवर्ड कॉलनीच्या वाट्याला, पण त्याचा वेग बांधून टाकलेला. नवं नेटवर्क फक्त घरातल्या दिव्यांचं आणि सेन्सरचं, त्याचा पासवर्ड बाईंनाही सांगितला नाही. घर परत मंदारला दिसायला लागलं.

पुढच्या आठवड्यात शोभाताई रस्त्यात भेटल्या. चेहरा पडलेला होता. मी विचारलं तर म्हणाल्या, "बाईंचं वाण लय हळू चालायलंय हो."

* * *

उन्हाळ्यात वेगळीच भानगड सुरू झाली. स्वयंपाकघराकडचं काहीच चालेना. म्हणजे नेमका गॅसचा सेन्सर बंद, ज्याच्यासाठी हे सगळं रामायण होतं. हॉल चालू, फाटक चालू, स्वयंपाकघर गायब. थंडीत तर सगळं ठणठणीत होतं.

आम्ही चार खेपा केल्या. परभणीच्या मे महिन्यात दुपारी घराबाहेर पडणं म्हणजे काय ते इथल्याच माणसाला माहीत. बालाजी आल्या आल्या मधल्या खोलीतल्या कूलरपुढं शर्टाची बटणं सोडून उभा राहायचा आणि तिथूनच मला सूचना द्यायचा. सेन्सर बदल, वायर बघ, भिंत जाड आहे. बाई त्याला पन्हं आणून द्यायच्या.

पाचव्या खेपेला गेलो तर कूलर नव्हता. पंप जळाला म्हणून दुरुस्तीला गेला होता. बालाजी दारातूनच परत निघाला. मी मोबाईल काढून बघितला तर स्वयंपाकघरात रेंजच रेंज!

राउटर आणि स्वयंपाकघर यांच्या बरोबर मध्ये, उन्हाळा लागला की बाई तो माणसाएवढा लोखंडी कूलर आणून ठेवायच्या, गळ्यापर्यंत पाणी भरून. लोखंड आणि पाणी, दोन्हीतून वायफाय जात नाही. बालाजी चार खेपा ज्याच्यापुढं उभा राहून बिघाड शोधत होता, तोच बिघाड होता.

मंदारला कळवलं. त्यानं पुण्यातून सुचवलं की महिनाभर कूलर काढून ठेवला तर? बाईंनी माझ्या हातातला मोबाईल घेतला.

"मंदार, गॅस सांभाळायचाय का आई शिजवायचीय, एक काय ते ठरव."

त्यानं लगेच ठरवलं. आम्ही भिंतीतून केबल टाकून स्वयंपाकघरात दुसरा छोटा राउटर बसवला. कूलर परत आपल्या जागेवर आला आणि बालाजीही.

* * *

आता जो किस्सा सांगतो त्याला आम्ही आज हसतो. त्या दिवशी कुणी हसत नव्हतं.

श्रावणातली दुपार होती. मंदारचा फोन आला, घरातलं सगळं एकदम गेलंय. एकूण एक वस्तू. आईला फोन लावतोय, वाजतोय, पण ती उचलत नाही. मी दुकानाचं शटर अर्धंच ओढलं आणि बालाजीला मोटारसायकलवर मागं घेतलं.

बाईंचं दार बंद. लॅचचं कुलूप, त्यामुळं माणूस आत आहे का बाहेर ते कळायला मार्ग नाही. खिडकीतून मोबाईल वाजल्याचा आवाज येत होता. थांबायचा आणि परत वाजायचा. शोभाताई स्टूल आणून झरोक्यातून डोकावत होत्या. बघता बघता फाटकाशी माणसं जमली. बालाजीनं पेचकस काढला आणि लॅचशी झटायला लागला.

इतक्यात फाटकाशी एक बाई आल्या, हातात भाजीची पिशवी, पिशवीतून मेथी बाहेर आलेली. गर्दीच्या मागं उभ्या राहून त्यांनी पुढच्या माणसाला हळूच विचारलं, "काय झालं हो? कोण गेलं?"

तो माणूस मान न वळवता म्हणाला, "जिंतूरकर बाई बहुतेक."

"अगं बाई. कधी?" बाईंनी विचारलं.

त्या आवाजानं बालाजीच्या हातातला पेचकस खाली पडला.

घडलं होतं ते साधं होतं. घराबाहेर पडताना मेन स्विच पाडायचा, ही बाईंची चाळीस वर्षांची शिस्त. घरात कोणी नाही तर लाईट कशाला चालू ठेवायची? एरवी बाजारात गेल्या की अर्ध्या तासात परत यायच्या, तेवढं मंदारच्या लक्षात यायचं नाही. त्या दिवशी वाटेत जुना विद्यार्थी भेटला, त्यानं घरी नेलं, चहा झाला, पोहे झाले. मोबाईल घरीच चार्जिंगला होता. मेन स्विच पाडल्यावर तो चार्ज कसा होणार होता, हे विचारायची हिंमत कुणाची झाली नाही.

मंदारला सगळं सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला की बास झालं दादा, माझ्यानं हे होत नाही, दिवाळीला मी गाडी घेऊन येतो. फोन स्पीकरवर होता. बाईंनी सगळं ऐकलं.

गर्दी पांगली. बाई मेथी निवडायला बसल्या आणि माझ्याकडं न बघता बोलायला लागल्या. पुण्याची सून गुणाची आहे, नातीचा लळा आहे, तिथं कशाला काही कमी नाही. "पण तिथं मी मंदारची आई असते रे. लिफ्टमध्ये कुणी विचारलं तर मंदारची आई. इथं भाजी आणायला गेले तरी चार जणं थांबून म्हणतात, बाई, तुमी मला सातवीला होता. मला इथं राहायचंय दिग्या. लय वाटतं."

बाईंना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी मेथीची एक काडी उचलून उगाच निवडत बसलो.

तिथूनच मंदारला परत फोन केला आणि दिवाळीची मुदत तूच दिली होतीस, दिवाळीपर्यंत थांब, असं सांगितलं. तो थांबला.

* * *

मग मात्र आम्ही दोघांनी कंबर कसली. राउटरला वेगळी बॅटरी लावली. फायबर तुटलं तर आपोआप सुरू होईल असं सिमकार्डवरचं दुसरं नेट जोडलं. इलेक्ट्रिशियन आणून राउटरची आणि सेन्सरची लाईनच मेन स्विचपासून वेगळी काढली. आता बाहेर पडताना बाई मेन स्विच पाडतात आणि घर मंदारला दिसतच राहतं. बाईंना शिस्तीचं समाधान, मंदारला डोळ्यांचं.

गणपतीत लाईट गेली, नेट गेलं नाही. रस्त्याच्या कामात जेसीबीनं कॉलनीचं फायबर उखडलं, अख्खी कॉलनी बंद, बाईंचं घर चालू. शोभाताईंसकट सगळ्या बायका आपापलं वाण गेल्याची तक्रार घेऊन आल्या, पण दिवे आणि सेन्सर हलले नाहीत. बालाजीसुद्धा एकदा म्हणाला की काम बरं झालंय. त्याच्या तोंडून एवढं येणं म्हणजे सत्कारच!

दसऱ्याला मी सोनं द्यायला बाईंकडं गेलो. म्हटलं, खूश ना बाई? आता पडायचं नाव नाही.

बाईंनी आपट्याचं पान घेतलं, हातावर साखर ठेवली, पण चेहरा काही खुलेना. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "लय मजबूत केलंस रे. आधी नेट पडलं की मंदारचा फोन यायचा. अर्धा अर्धा तास बोलायचा. आता पडत नाही, तर फोनही येईना. रविवारी दोन मिनिटं येतो तेवढाच."

घरी आल्यावर बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, आठवड्यातून एकदा पाडत जा.

* * *

दिवाळीच्या तोंडावरची सकाळ. मी घरी चहा घेत होतो. मंदारचा फोन आला. आवाज बसलेला होता, मधेच खोकला येत होता. हवा बदलली की होतं असं, म्हणाला.

मग म्हणाला, "दादा, मी हरलो. श्रावणानंतर घर एकदाही गेलं नाही. मी रोज झोपताना बघतो, उठल्यावर बघतो. आई राहू दे तिथंच. यंदा दिवाळीला आम्हीच तिकडं येतो."

वर्षभर ज्याच्यासाठी पळलो ते वाक्य त्यानं खोकत खोकत म्हणून टाकलं होतं! मी त्याला म्हटलं, बाईंना तूच सांग, त्यांना किती बरं वाटेल. तो म्हणाला की सांगतो, आत्ताच लावतो, पण तिचं सकाळचं आवरत असेल. काल संध्याकाळी वेळेवर दिवे लागले, आज पहाटे स्वयंपाकघरात हालचाल दिसतेय, गॅस ठीक आहे. दादा, पुण्यात बसून आई अशी डोळ्यांसमोर असते, तुमचे किती आभार मानू?

मी जरा फुगलोच. काही नाही रे, आमचं कामच आहे ते, वगैरे म्हणत होतो. तेवढ्यात पलीकडं बेल वाजली.

"एक मिनिट दादा, दूधवाला असेल."

दार उघडल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज येईना. मी दोनदा हॅलो म्हटलं. मग मंदार एकदम हळू आवाजात बोलला.

"दादा, ॲप उघडा. आई आत्ता कुठं आहे?"

मी उघडलं. सगळं हिरवं. "स्वयंपाकघरात आहेत की. आत्ताच दिवा लावलाय."

"मग माझ्या दारात कोण उभी आहे?"

पलीकडं पिशव्या खाली ठेवल्याचा आवाज आला, पाठोपाठ मोबाईल हिसकावून घेतल्याचा, आणि मग थेट कानात बाईंचा आवाज आला.

"दिग्या, रविवारी फोनवर याचा आवाज बसलेला होता. विचारलं तर काही नाही म्हणाला. म्हणून रात्रीच्या गाडीला बसले. नारायणाला चुकवून मागच्या दारानं निघाले, किल्ली शोभाकडं दिली, तिला म्हटलं, सकाळ-संध्याकाळ जरा घरात हिंडत जा."

बाई, परत कधी येणार, एवढंच मी विचारलं.

"परतीचं तिकीट काढूनच निघाले," बाई म्हणाल्या. "तोवर नेट पडू देऊ नकोस."